खालची पट्टी राहिली, शमीमआपा

शमीमआपा,

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. शाळेत जायला तुमच्या दुकानावरूनच जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. गेले आठ महिने मी तिथून मान वळवून जात होते, तुमच्याकडे बघायला नको म्हणून. आता कुलूप बघवत नाही म्हणून मान वळवते. तुम्ही असता तर मशीन न थांबवता म्हणाला असता, "बाई, मान आखडन ना तुमची एक दिवस."

घरी फ्रिजवर एक पत्र पडून आहे. खाणीतली मोठी डंपर गाडी चालवायच्या प्रशिक्षणासाठी मयुरीची निवड झाली आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे. माझी लेक बावीस वर्षांची आहे, तिला कुणाच्या सहीची गरज नाही. पण ती म्हणते, "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही, आणि तुला विचारणारही नाही." आता याला काय म्हणायचं? हा हट्टीपणा तिनं तुमच्याकडून उचललाय, आणि तुम्ही म्हणाला असता, "नाई बाई, तुमच्याकडून."

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तीही भांडायलाच. लग्न होऊन वैनगंगेकाठच्या धानाच्या गावातून मी या सिमेंटच्या गावात, गडचांदूरला आले, पाच वर्षांनी शाळेत लागले, आणि पहिल्याच वर्षी मुलींच्या गणवेशांचं काम माझ्या गळ्यात पडलं. गणवेश तयार आले होते, लहान, मधला आणि मोठा अशा तीन मापांत. कुणाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, कुणाची सलवार पोटरीवर चढली होती. मी दोन गठ्ठे रिक्षात घालून तुमच्याकडे आणले आणि म्हटलं, जरा इकडून तिकडून आवळून द्या. तुम्ही गठ्ठ्याची गाठही सोडली नाहीत.

"पोट्ट्या कुठी हायत?"

"शाळेत."

"मंग त्याइले घेऊन या. कपडे पाहून मी काय करू?"

मी म्हटलं, आपा, सगळ्या साधारण एकाच मापाच्या आहेत हो. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "एका मापाच्या दोन पोट्ट्या आनून दाखवा मले. मंग तुमी म्हनान तसं."

मीही डी.एड.च्या ताठ्यात होते. दुसऱ्या दिवशी सहावीचा आणि सातवीचा असे दोन वर्ग ओळीनं तुमच्या दारात उभे केले. दोन नक्की सापडतील अशी माझी खात्री होती. एकीचा खांदा उतरता, एकीचे हात लांब, जुळ्या बहिणी होत्या त्यांच्यातही एक दोन बोटं उंच निघाली. संध्याकाळी मी निमूटपणे तुमच्यासाठी कॉफी करून आणली, कारण हरल्यावर दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

तुमच्या दुकानातलं ते बुटकं स्टूल अख्ख्या तालुक्यातल्या पोरींना ठाऊक होतं. पोरगी त्यावर चढायची. खांदा, छाती, बाही, सगळं माप तुम्ही घ्यायच्या. पण खालची पट्टी, म्हणजे कपड्याची लांबी, ती तुम्ही कधीच आपल्या मनानं ठरवली नाही. कपडा शिवून झाला की पट्टी मोकळी ठेवून पोरीला पुन्हा बोलवायच्या. ती स्टुलावर चढली की तिलाच विचारायच्या, "किती ठेवू?" ती सांगेल तिथे टाचणी लावायची, आणि ती टाचणी लावायला तिला घेऊन येणाऱ्यानंच खाली वाकायचं. आई असो, बाप असो, आजा असो. कापसाच्या वावरातून थेट आलेले मिशाळ बाप तुमच्या दुकानात पोरीच्या पायाशी गुडघ्यावर बसलेले मी पाहिले आहेत. घामानं टाचणी निसटायची त्यांच्या हातातून. एकदा मी विचारलं, हे कशाला? तुमचा वेळ जातो, त्यांचा जातो. तुम्ही म्हणालात, "एकडाव पोट्टीच्या पायापाशी वाकला ना, का थो मानूस तिले इचारल्याबिगर काही ठरवाले जरासा थांबते." जरासा, एवढंच म्हणालात. तुमचा दावा कधी मोठा नसायचा.

तुम्हाला आकडे वाचता येत नव्हते. टेप गळ्यात असायचा तो शोभेला. प्रत्येक पोरीसाठी तुम्ही एक कापडाची पट्टी ठेवायच्या, तिनंच टोपलीतल्या चिंध्यांतून निवडलेली. खांद्यापासून टाचेपर्यंत धरून कात्रीनं बारीक खाचा मारायच्या, आणि ती पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. दर वर्षी त्याच पट्टीला खाली नवा तुकडा जोडला जायचा. मी कितीदा म्हटलं, आपा, महिन्याभरात आकडे शिकवते, एक रजिस्टर करू. "नको वं बाई. आकडा लिवला का मी पोट्टीले इसरून जाईन." हा आपला वाद अठरा वर्षं चालला. मी अजूनही म्हणेन की तुम्ही शिकायला हवं होतं. बँकेत अंगठा उठवताना तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. या एका बाबतीत मी माघार घेणार नाही, तुम्ही गेलात म्हणून काय झालं.

दर उन्हाळ्यात दहावीनंतरच्या मुली गळायच्या. कुणाचं लग्न, कुणाला घरी धाकटी भावंडं. मी घरोघर जायचे आणि तुम्ही माझ्या मागून, बुरखा सावरत, पिशवीत पट्ट्या घेऊन. मी भाषण द्यायचे. बाप मान हलवायचे आणि पुढे काहीच व्हायचं नाही. मग तुम्ही पोरीची पट्टी काढून बापाच्या हातात द्यायच्या. "भाऊ, हे तुमची पोट्टी. पाचवीत इथवर होती. आठवीत इथवर. आता पुढं कितीक वाढाचं थे तुमी कात्री घेऊन ठरवता काय?" काही बाप हसायचे, एक चिडला, पण पट्टी हातातून खाली कुणी टाकली नाही. त्या पोरींतली एक आज गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. एक पोलिसात गेली. एकीनं राजुऱ्याला ब्युटी पार्लर टाकलं, आणि माझ्या तोंडावर नाराजी दिसल्याबरोबर तुम्ही मला रस्त्यात झापलंत. "तिले जे आवडलं थे तिनं केलं. तुमच्या मनासारखं शिकली तरच शिकली म्हनाचं काय?" आपण दोघी पार्लरमध्ये गेलो होतो, आठवतं? तिनं तुमच्या भुवया कोरल्या आणि घरी येईपर्यंत तुम्ही बुरख्यानं कपाळ झाकत होतात.

काही पट्ट्या मात्र वाढल्याच नाहीत. लाल काठाची ती एक, दारामागच्या खिळ्यावरची. तिच्या घरी आपण चारदा गेलो होतो, तरी ती शाळेत परतली नाही. तुम्ही ती पट्टी कधी काढली नाहीत आणि तिच्याबद्दल कधी बोलला नाहीत.

माझ्या मयुरीची पट्टी माझ्या डोहाळजेवणाच्या साडीच्या काठाची. बालवाडीपासून ती तुमच्या दुकानात असायची, मी पेपर तपासत बसले की. इतर पोरी चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या, ही मशीनच्या खाली शिरून तेल कुठून जातं ते बघायची. सहावीत असताना तिनं तुमच्या मशीनचं चाक उघडलं आणि तुम्ही तिला मारायच्या ऐवजी पाना आणून दिलात. दहावीनंतर तिनं आयटीआयला डिझेल मेकॅनिक घेतलं तेव्हा मी म्हटलं, असू दे, उतरेल भूत. उतरलं नाही. एक दिवस घरी येऊन म्हणाली, खाणीत मुलींना डंपरवर घेणार आहेत, मी अर्ज करते.

मी नाही म्हटलं. मी, जी गावभर दुसऱ्यांच्या बापांना शहाणपण शिकवत फिरत होते. आपा, मला भीती वाटली, हे आज सरळ सांगते. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की आपल्या घरातली भांडी वाजतात. बाकीच्यांना सवय झाली, मला तेवीस वर्षांत झाली नाही. मला वाटत होतं, पोरीनं बी.एड. करावं, शाळेत लागावं, सावलीत बसावं, मे महिन्यात सुट्टी मिळावी. मला मिळालं तेच तिलाही मिळावं. यात वाईट काय होतं? हे मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. "वाईट काहीच नाई. थे तुमचं हाय, एवढंच." मी त्या दिवशी चहा न पिताच उठले.

मग वरोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, सरकारी नोकरीत. मी मोरपंखी ब्लाउजपीस घेऊन तुमच्याकडे आले, आणि मापाला म्हणून माझ्या लग्नातला ब्लाउज.

"पोट्टी कुठी हाय?"

"तिला वेळ नाही. माझंच माप घाला. ती माझ्याच अंगाची आहे."

 तुम्ही माझा तो जुना ब्लाउज उलटा करून पाहिलात. नंतर तुमची सून रुखसाना तीनदा निरोप घेऊन आली, अम्मी म्हणते पोरीला एकदा घालून पाहायला पाठवा. मी पाठवलं नाही. खरं म्हणजे मला माहीत होतं, मयुरी स्टुलावर चढली की तुम्ही तिला विचाराल, आणि ती खरं सांगेल.

पाहुण्यांच्या दिवशी तो ब्लाउज तिच्या दंडावर चढेना. आम्ही दोघींनी ओढून ताणून चढवला. चार वर्षं पाने फिरवून पोरीचे खांदे भरले होते आणि मला, तिच्या आईला, ते दिसले नव्हते. पोह्यांची बशी पुढे करायला तिनं हात लांबवला आणि काखेपासून पाठीपर्यंत फर्रकन आवाज झाला. मुलाची मावशी म्हणाली, "पोरगी मोठी दांडगी दिसते वं." आणि मयुरी हसली. खदाखदा हसली, आपा, बशी हातात धरून. पाहुणे चहा न घेता गेले.

मी तशीच तुमच्या दुकानात आले. हातात तो फाटका ब्लाउज. तुम्ही मुद्दाम केलंत, मी म्हणाले. तुम्हाला हे लग्न नकोच होतं. तुम्ही शांतपणे माझा जुना ब्लाउज काढून त्यावर नवा ठेवलात. "तुमी देल्या मापात बोटभर फरक असन तर सांगा." फरक नव्हता. तोच तर राग होता. आणि मग मी ते बोलले. "तुम्हाला मुलगी नाही, आपा. तुम्हाला काय कळणार आहे?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही मशीनकडे वळलात आणि पायडल मारायला लागलात. सुई खालीवर होत होती, खाली कापड नव्हतं. मी बाहेर पडले तरी तो आवाज येत होता.

आठ महिने. ईदला तुम्ही शिरखुर्म्याचा डबा पाठवलात. अठरा वर्षांत आपल्या दोन घरांतला डबा कधी रिकामा परत गेला नव्हता, निदान साखर तरी घालून द्यायची. मी तो धुऊन, पुसून, रिकामा पाठवला. रुखसाना सांगते की तुम्ही झाकण उघडून पाहिलंत आणि पुन्हा लावलंत. एवढंच. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर आज झोप लागली असती.

ज्या शुक्रवारी तुम्ही गेलात, मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. शिपाई दारात येऊन सांगून गेला. मी फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं, का कोण जाणे. तुमच्या घरी बायकांची गर्दी होती, मी चपलांपाशीच उभी राहिले. मला वाटत होतं, आत जायचा हक्क मी घालवलाय. रुखसानानं हाताला धरून नेलं. पांढऱ्या कपड्यात तुमचा चेहरा नेहमीसारखाच होता, काहीतरी बोलायच्या बेतात असलेला. मी तुमची माफी मागणार होते. तिथे इतक्या बायका होत्या, आणि तुम्ही ऐकणार नव्हता, म्हणून राहून गेली. आता मागते. मला माफ करा, आपा. तुम्हाला मुलगी नव्हती असं म्हणणारी मी, तुमच्या भिंतीवरच्या त्या सगळ्या पट्ट्या रोज पाहत होते.

काल रुखसाना घरी आली. कापडी पिशवी पुढे ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे अम्मीचं शेवटचं काम. तुमच्याच हातात द्याचं होतं." आत निळा जाड शर्ट आणि पँट. खाणीत मुलींनाही पुरुषांच्याच मापाचे कपडे मिळतात, निवड झाल्यावर मिळालेले ते मयुरीनं तुमच्याकडे नेले होते, आणि तुम्ही सगळे उसवून तिच्या अंगाला नव्यानं बसवले होते. खांद्याला ऐसपैस. आतल्या खोलीतून बाहेर येऊन मयुरी खाली मान घालून उभी राहिली. या आठ महिन्यांत ती दर आठवड्याला तुमच्याकडे जात होती, हे मला काल कळलं. पँटच्या दोन्ही पायांची खालची पट्टी मोकळी होती. दोरे लोंबत होते.

"ही राहिली का?" मी विचारलं.

"राह्यली नाई, ठेवली," रुखसाना म्हणाली. "मी म्हटलं, अम्मी, करून टाका, पोट्टीचं काम अडून राह्यलं. तं म्हने, बाई येईन. उशीर करते, पन येतेच. आतापावतर एकबी पोट्टी बाईनं तशी सोडली नाई."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मग कपाटातून तो मोरपंखी ब्लाउज काढला. फेकला कसा नव्हता, देव जाणे. उलटा केला. फाटल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना तुम्ही चार चार बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं होतं. एकदा घालून पाहायला पाठवली असती तर पाच मिनिटांत सैल झाला असता. तुम्ही मी दिलेल्या मापाचाच शिवला होतात, आणि माझ्या लेकीपुरती जागाही ठेवली होतीत. दुकानात त्या दिवशी तुम्ही हे सांगू शकला असता. मला दोन गिऱ्हाइकांसमोर खोटं पाडायचं नव्हतं तुम्हाला. की रागावला होतात? हे आता कुणाला विचारू?

आज रविवार. सकाळी रुखसानानं दुकान उघडलं. भिंतीवर सगळ्या पट्ट्या तशाच आहेत. लाल काठाचीही. मशीनवर तुमचा चष्मा होता, तो मी हलवला नाही. मयुरी निळे कपडे घालून स्टुलावर चढली. तिची सवय आहे ती, काही न सांगता चढली. मी टाचण्यांची डबी घेतली आणि खाली बसले. गुडघे दुखतात माझे आता. तिच्या पायांत जाड काळे बूट होते, मी ते पहिल्यांदाच पाहत होते. आपा, तिथे बसल्यावर मला सुचेना. खाणीतून सुरुंगाचा आवाज यावा, भांडी वाजावीत, काहीतरी व्हावं असं वाटलं. काही झालं नाही. रुखसाना दारात उभी होती.

बावीस वर्षांत मी तिला पुष्कळ सांगितलं. विचारलं किती वेळा, ते आठवून पाहिलं, आणि मग मान वर केली.

"मयू, किती ठेवू?"

तिनं खाली बुटांकडे पाहिलं. मग नाक ओढत म्हणाली, "बुटाच्या जरा वर, आई. पायडलमध्ये अडकली नाई पाह्यजे."

तिथे टाचणी लावली. तुरपाई मीच केली, तुमच्या सुईनं, तुमच्या खुर्चीवर बसून. टाके वाकडे आलेत. तुम्ही नक्की उसवायला लावलं असतं. पण तिला उद्या सकाळी निघायचं आहे.